अव्वाच्या जागी म्हशीचं नाव

भाऊजी,

सुनंदाचा नांदेडहून फोन आला तेव्हा मी गवती चहाची पाती धुवत होते. तुमच्यासाठीच. लेकीकडचा मुक्काम संपवून, मुखेडवरून येणाऱ्या एसटीनं तुम्ही दुपारपर्यंत उदगीरला पोचणार, बूट काढता काढता "वहिनी, पत्ती न्हाई ना टाकली?" म्हणून विचारणार, हे सगळं ठरलेलं होतं. पोर म्हणाली, "काकू, बाबा गेले. बुटाची नाडी बांधत होते, तसेच कलंडले."

मी म्हटलं, "त्यांना फोन दे."

ती रडायची थांबली. "काकू, अहो..."

"दे म्हणते ना. मला त्यांच्याशी महत्त्वाचं बोलायचंय."

आज नववा दिवस. माती झाली, माणसं आली, माणसं गेली, आणि मला अजून वाटून राहिलंय की ती पोर उगीच फोन द्यायला उशीर लावतेय.

महत्त्वाचं काय होतं ते आता कागदावरच सांगते. भाऊजी, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही मला तुमच्या आईचं माहेरचं नाव विचारलं होतं आणि मी तुम्हाला आपल्या म्हशीचं नाव सांगितलं होतं. त्या दुपारी गवती चहा देऊन हेच कबूल करायचं ठरवलं होतं मी. शहात्तराव्या वर्षी धीर गोळा केला, तर तुम्ही नाडी बांधायलाच वाकलात.

मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि तुम्ही अकरा. नाकातनं सतत धार. त्या धारेला मी "अहो भाऊजी, जेवायला चला" म्हणायचं! दीर म्हणजे मानाचा, मग त्याची चड्डी मागून फाटलेली का असेना. अव्वा, म्हणजे माझी सासू, तुमची आई, पदर तोंडाला लावून हसायची. सासू-सुनेतलं आमचं पहिलं गुपित म्हणजे तुमचं नाक. दुसरं गुपित तिचं नाव. सगळ्या गावाची ती पार्वतीबाई. पण ते नाव लग्नात तांदळाच्या ताटात लिहून तिला दिलेलं. आधीचं, तिच्या आईनं हाक मारलेलं नाव तिनं एका दुपारी डाळ निवडताना मला सांगितलं. "कुणाला सांगू नको गं. ते तेवढं माझं एकटीचं हाय." तिच्या माहेरचं तेव्हाच कुणी उरलं नव्हतं. म्हणजे त्या क्षणापासून ते नाव जगात दोघींनाच माहीत.

तुम्ही हैदराबादला टाइपरायटर दुरुस्तीचं काम शिकायला गेलात आणि बरीच वर्षं तिकडेच रमलात. अव्वा गेली तेव्हा दोन दिवसांसाठी आलात. कायमचे परत आलात ते लातूर जिल्हा झाला तेव्हा. रात्री उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलेले आम्ही सकाळी लातूर जिल्ह्यात उठलो. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवी कचेरी म्हणजे नवे साहेब, आणि साहेब आले की टाइपरायटर बिघडणारच, असा तुमचा हिशोब. लातुरात टपरीएवढं दुकान टाकलंत. पाट्यांचा रंग ओला आणि आभाळ मात्र कोरडं ठाक, असलं ते साल. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरत होतो आम्ही. आणि त्या सालात तुम्ही उदगीरच्या घरी येऊन, ओसरीवर उभे राहून सांगितलंत, "दादा, वहिनी, मी हैदराबादेत बाप्तिस्मा घेतला. मॉर्मन पंथाचा."

ह्यांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, पान चघळायचं थांबवलं. मी विचारलं, "म्हणजे काय केलं?"

"पाण्यात पूर्ण बुडवतात, वहिनी. एकदाच."

"किती पाणी?"

"हौद होता... छातीएवढा."

"छातीएवढा!" मी किंचाळले. धर्म बदलला ह्याचं मला नंतर सुचलं, भाऊजी. आधी हौदच दिसला. "इथं घागरीमागं भांडणं करून राहिलो आम्ही, आन् तुम्ही अख्ख्या हौदात डुंबून आलात! देव बादलीत मावत नव्हता का?"

तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "ते पाणी नंतर झाडांना घातलं, वहिनी." मला त्या उत्तरानं जास्तच राग आला. माझ्यापुढं कुणाकडे उत्तर असणं तेव्हा मला खपतच नसे.

कारण मी कोण होते तेव्हा? चौतिशीची, शाळेतली बाई, महिला मंडळाची चिटणीस, हातात पर्स, पर्समध्ये कात्रणं. सगळं जग माझ्या चौथीच्या वर्गात बसलंय आणि त्याला पाढे येत नाहीत, अशा नजरेनं चालायची मी. आता तेव्हाचा फोटो बघितला की त्या बाईला कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. त्या बाईनं ठरवलं की दिराला वर्षभरात सुधारायचा. कुठून कुठून माहिती मिळवली. शाळेतल्या ख्रिस्ती बाईंना विचारलं. त्या तर माझ्याहून भडकलेल्या. "ते आमच्यातले नाहीतच," म्हणाल्या. झालं. तुम्ही महिन्यातून एकदा यायचे आणि मी फळ्यावर प्रश्न लिहिल्यासारखी तयार असायची.

"तुमच्या त्या प्रेषिताला सोन्याचे पत्रे मिळाले म्हणं, डोंगरात. त्याच्यावर म्हणं ग्रंथ लिहिलेला. कुठायत ते पत्रे?"

"देवदूतानं परत नेले."

"वा! माझंही पीएच.डी.चं सर्टिफिकेट देवदूतानंच नेलं."

"अकरा जणांनी पाहिले होते, वहिनी. सह्या केल्यात त्यांनी."

"आपल्या गल्लीत बावीस जणांनी भूत पाहिलंय."

तुम्ही हसलात. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. मी पुढं ढकललं, की भाषा कुणाला येत नाही, लिपी कुणी पाहिलेली नाही, आणि एक जेमतेम शिकलेला पोरगा टोपीत दगड ठेवून त्याचं भाषांतर सांगतो, ह्याच्यावर शिकलेल्या माणसानं विश्वास ठेवायचा? तेव्हा तुम्ही आत गेलात आणि ह्यांच्या ट्रंकेतनं जमिनीचा निजामाच्या काळातला दस्त आणलात. उर्दूत लिहिलेला.

"वाचा, वहिनी."

"मला कुठं उर्दू येतं?"

"दादालाही न्हाई येत. मलाही न्हाई. आज्ज्याच्या वेळच्या मुन्शीनं वाचून सांगितलं की ही जमीन आपली हाय. तो मुन्शी मेला. पण पेरणी करून राहिलोच ना आपण?"

मी म्हटलं, "दस्त निदान ट्रंकेत तरी हाय!" माझाच मुद्दा बरोबर होता, अजूनही आहे. पण त्या दिवशी रात्रभर तो मुन्शी माझ्या डोक्यातनं गेला नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सगळ्याला तुमच्याकडे उत्तर होतं असंही नाही, आणि तिथंच मी तुम्हाला ओळखायला चुकले. ग्रंथात अमेरिकेत घोडे आहेत म्हणून लिहिलंय, आणि तेव्हा तिथं घोडे नव्हतेच असं इतिहास सांगतो, हे मी कुठल्याशा मासिकातनं शोधून आणलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काही जण म्हणतात दुसऱ्याच कुठल्या जनावराला घोडा म्हटलं असेल. मला ते तितकं पटत न्हाई. मला म्हाईत न्हाई, वहिनी." पुष्कळ बायकांचं काढलं तर म्हणालात, "होत्या. मग बंद केलं त्यांनी. झालं ते चांगलं झालं असं मी म्हणत न्हाई. आपल्या पणज्याला दोन होत्या, म्हणून आपण घर सोडलं का?" "तीन होत्या," मी म्हटलं, आणि ह्यांना पानाचा ठसका लागला.

एकदाच तुम्ही निघून गेलात. मी म्हटलं होतं, "तुमच्या ग्रंथात काळी कातडी म्हणजे देवाचा शाप असं लिहिलंय. अगदी परवापरवापर्यंत काळ्या माणसाला पुजारीपण देत नव्हते. आन् तुम्ही स्वतः तव्याच्या बुडासारखे! कोणत्या तोंडानं जाता तिथं?" तुमचा चेहरा उतरला. उठलात, चपला घातल्यात, स्टँडवर गेलात. त्या महिन्यात आला नाहीत. मी जिंकले होते. जिंकून ओसरीवर एकटी बसले होते, आणि ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

चहाचं तर काय सांगू. आपल्याकडे घरी आलेल्यानं चहा नाही म्हणणं म्हणजे तुमच्या घरचं पाणी मला चालत नाही असं म्हणणं. तुम्ही चहा सोडलात, कॉफी सोडलीत, आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत बोभाटा झाला. म्हणून मी गवती चहा काढला, बिनपत्तीचा. माझ्या तोऱ्याला तडा न जाता तुम्हाला कप देता यावा म्हणून. तुमच्या पंथाचं देऊळ लातुरात नव्हतं. रविवारी खोलीत एकटेच बसून भाकरीचा तुकडा मोडायचे आणि इवल्याशा पेल्यात पाणी घेऊन प्रार्थना करायचे. एकदा दारातनं मी ते पाहिलं. पेल्यात पाणी किती, तर कोंबडीच्या पिल्लाला पुरेल एवढं. हौदावरनं बोलले होते ते मला तेव्हा आठवलं. मी मागच्या पावली परतले.

तर ती दुपार. त्या महिन्याभराच्या अबोल्यानंतर तुम्ही आलात ते हातात टाइप केलेला कागद घेऊन. वंशावळ. बाप, आजा, पणजा रांगेत; बायकांच्या जागी टिंबं, टिंबं, टिंबं. तुम्ही समजावून सांगितलंत की तुमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानंही बाप्तिस्मा घेतात. जिवंत माणूस त्याच्या वतीनं पाण्यात उतरतो. नावं पाठवावी लागतात.

"आईचं माहेरचं नाव काय होतं, वहिनी? तुम्हाला म्हाईत असेल."

मला काय झालं ते सांगते. अव्वाला आपण लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरलं होतं, कपाळभर विभूती, तळहातावर तिचं इष्टलिंग. ते सगळं मला दिसलं आणि त्याच्यावरनं कुणीतरी हौदभर पाणी ओततंय असं दिसलं. "मेलेल्या बाईचा धर्म बदलता? तिला न विचारता?"

"न विचारता न्हाई, वहिनी. इथं आपण नाव घेऊन नुसतं दार उघडतो. पलीकडं तिनं ठरवायचं. यायचं तर येईल, न्हाई तर लोटून घेईल."

"अव्वा लोटणारी न्हाई, आतनं कडी घालणारी हाय."

"मग घालू द्या. पण दार तरी उघडू द्या मला. तुमचा जिल्हा बदलला तेव्हा कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"त्याचाही मला रागच हाय!"

आणि मग माझ्या तोंडातनं निघालं, "गौरा. लिहा. गौराबाई होतं अव्वाचं माहेरचं नाव."

गौरा आमची म्हैस. तुम्ही हैदराबादला गेल्यावर घेतलेली, आणि तुम्ही परत यायच्या आधीच्या उन्हाळ्यात वैरणीवाचून गेलेली. अव्वाच्या वेळी दोन दिवस आलात तेव्हा ती शेतावर होती; तुम्ही तिला कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून मला खात्री होती. तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत, पेन काढून टिंबांच्या वर लिहून घेतलंत, "गौराबाई", आणि कागद घडी करून खिशात ठेवलात. तुमची पाठ वळल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. दुष्काळात, सासू गेलेली, म्हैस गेलेली, आणि मी हसतेय! अमेरिकेत कुणीतरी गोरा मनुष्य पांढरे कपडे घालून आमच्या म्हशीच्या नावानं पाण्यात बुडी मारतोय, हे चित्र मला वर्षानुवर्षं पुरलं. कुणाशी भांडण झालं, कंटाळा आला की मी ते काढून बघायची.

तुमचे दादा गेल्यानंतर मात्र ते चित्र बदललं. बुडी मारणाऱ्या माणसाशेजारी तुम्ही दिसायला लागलात, हात जोडून, डोळे मिटून, आईसाठी उभे. आणि नावाच्या जागी म्हैस.

गेल्या महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा जाता जाता म्हणालात, "वहिनी, आईचं नाव द्या की एकदा."

मी म्हटलं, "दिलंय की."

"हां. दिलंय खरं," तुम्ही म्हणालात, आणि इतकं मऊ हसलात की मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं.

ती खेप आलीच नाही. माझा अजून विश्वास बसत नाही, भाऊजी. माणूस नाडी बांधायला वाकतो आणि उठतच नाही, ही काय पद्धत झाली? माझ्याहून सात वर्षांनी लहान तुम्ही. रांगेचा काही नियम आहे की नाही?

मातीच्या वेळी लातुरात तुमच्या हैदराबादच्या मंडळींतले चौघं आले होते, आणि आपले भाऊबंद तर होतेच. बसवायचं की निजवायचं ह्याच्यावर अंगणात आवाज चढले. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. वडीलधारी मीच उरले ना. मी म्हटलं, "जन्मभर बसून मशिनी दुरुस्त केल्या त्यांनी. आता निजू द्या." आपल्या मठाचे स्वामीजीही बाजूला झाले. तुमच्यापैकी एकानं प्रार्थना म्हटली. मला तिच्यातलं फारसं कळलं नाही, आणि प्रश्न विचारायचं मनातही आलं नाही. चौतिशीतल्या त्या बाईनं विचारले असते.

खरा धक्का तर तोवर बसलाच नव्हता. परवा सुनंदानं तुमचा टाइपरायटर आणि एक जाड फाइल आणून माझ्यापुढं ठेवली. "काकू, ह्याच्यावर तुमचं नाव हाय." वर टाइप केलेलं: वहिनींचे प्रश्न.

मी तशीच खाली बसले. एकेका कागदावर माझा एकेक प्रश्न, माझ्याच शब्दांत, बादलीसकट, भुतासकट. खाली तुमचं उत्तर. काही उत्तरं खोडलेली, पुन्हा लिहिलेली, वर्षांनी पुन्हा खोडलेली. घोड्यांच्या कागदावर चार वेळा पेननं लिहिलेलं, "अजून माहीत नाही." काळ्या कातडीच्या कागदावर लिहिलंय, "वहिनी बरोबर विचारतात. हे मला दुखतं. मी इथं राहून दुखवून घेतो, सोडून जाऊन नाही. हे उत्तर नव्हे." मी जिंकले म्हणून ओसरीवर बसले होते तेव्हा तुम्ही लातुरात बसून हे लिहीत होतात. तुम्हाला मूर्ख ठरवायला मी जे जे बोलले, ते सगळं तुम्ही जपून ठेवलंत. माझं बोलणं इतक्या नीट आजवर कुणी ऐकलं नव्हतं हो, चौथीच्या वर्गानंसुद्धा नाही.

आणि तळाशी ती वंशावळ, कोऱ्या कागदावर पुन्हा टाइप केलेली. आईच्या ओळीवर नुसती टिंबं. गौराचं नाव तिथं नव्हतंच. कागदाला टाचणीनं एक जुनं निळं आंतर्देशीय पत्र लावलेलं. तुम्हाला हैदराबादला पाठवलेलं, अव्वानं सांगून लिहवून घेतलेलं: "गौरा म्हैस व्याली, रेडी झाली, चीक खायला तू नाहीस." अव्वाला लिहिता येत नव्हतं. पत्र माझ्या अक्षरात होतं. मीच लिहून दिलं होतं आणि मीच विसरले होते! शाळेतली बाई!

म्हणजे तुम्हाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पेन काढून लिहून घेतलंत तेव्हाही. चाळीस वर्षं मी हसत होते आणि चाळीस वर्षं तुम्हाला माहीत होतं. पत्राखाली तुमच्या बारीक अक्षरात दोन ओळी: "आईचं नाव वहिनींकडे आहे. देतील तेव्हा लिहायचं, घाई नाही. आज वहिनी न्हाणीघरात हसल्या, बाहेरपर्यंत ऐकू आलं. आई गेल्यापासून घरात कुणी असं हसलं नव्हतं."

भाऊजी, एवढं वाचून मी काय करायचं होतं? तुम्हाला फोन लावायचा होता. लावलासुद्धा. सुनंदाच्या पिशवीत वाजला.

आज सकाळी तो कागद मशिनीत घातला. तुमच्या मशिनीची बटणं दगडासारखी. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टिंबांवर टाइप केलं. सिद्धम्मा. तुमच्या आईचं नाव सिद्धम्मा होतं. 'द्ध' सापडायला पाव तास गेला. बाजूला सुनंदा उभी होती. आता ते तिघींना माहीत झालं. अव्वा, रागावू नको.

पाठवायचा का म्हणून ती विचारत होती. मी म्हटलं, थांब. तुम्हीच म्हणाला होतात ना, पलीकडं तिनं ठरवायचं? मग आता तुम्ही पलीकडं आहात, ती पलीकडं आहे. समोर बसून विचारा. खऱ्या नावानं हाक मारा, दचकेल ती. न्हाई म्हणाली तर वाद घालू नका, ती माझ्यासारखी हरणारी न्हाई. आणि तिनं चहा पुढं केला तर एकदा तरी घ्या हो.

काय म्हणाली ते कळवायची घाई नाही. मी येतेच आहे मागनं. तोवर हा कागद माझ्या ट्रंकेत, त्या उर्दू दस्तावर ठेवलाय.

तुमची,
वहिनी